आतल्या खोलीतला माणूस

"हात सोडा माझा," ती म्हणाली. "माझं माणूस आहे घरात. त्यांच्या कानावर गेलं ना, तर तुमची काही धडगत नाही."

टर्नरने तिचा हात सोडला. उजव्या हाताची नखं कापून झाली होती, डाव्याची राहिली होती. आणि ज्याच्या कानावर जायचं होतं तो माणूस तिच्यासमोरच स्टुलावर बसला होता, हातात नेलकटर घेऊन.

"बरं, बोलवा त्यांना," तो म्हणाला.

"कामावर गेलेत. येतील एवढ्यात. तुम्ही आपले निघा."

स्वयंपाकघरातून मुलगी हात पुसत आली. "द्या बाबा, मी बघते." आईने तिलाही ओळखलं नव्हतं, पण 'या ताई स्वभावाने बऱ्या आहेत' एवढं तिच्या मनाने घेतलं होतं. नवऱ्याच्या वाट्याला मात्र तेवढंही आलं नव्हतं. सवय होते म्हणे. सांगणारे खुशाल सांगतात. कसली डोंबलाची सवय होते? रोज नव्याने परकं व्हायचं, एवढंच.

त्या दिवशी आतल्या खोलीतला लेथ, म्हणजे टर्नरचं लोखंड कातायचं मशीन, विकत घेण्यासाठी बघायला एक जण यायचा होता. घरात दोनच खोल्या, आणि ऊन यायचं ते फक्त आतल्या खोलीत. तिथे तिचा पलंग लावायचा, बाहेरच्या अंधारात तिने किती दिवस काढायचे, असं टर्नरनेच मुलीला सांगितलं होतं. गिऱ्हाईकही त्यानेच शोधायला लावलं होतं. आता ते येणार म्हटल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती खोली काही एका दिवसात कारखाना झाली नव्हती. लग्नानंतर त्याने स्वयंपाकाच्या ओट्यालाच व्हाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, ठोकला, आणि तिने लाटणं घेऊन तो काढायला लावला. मग व्हाइस आत गेला, आणि त्याच्यामागून कानशी, ड्रिल, ग्राइंडर असं एकेक गोतावळ्यासारखं येऊन बसलं. तिचं कपड्यांचं कपाट बाहेर आलं. मग कंपनीने जुनी मशिनं मोडीत काढली आणि टर्नरने एक लेथ तुकड्यातुकड्याने घरी आणायला घेतला. आधी आला तो नुसता बेड, मशिनचा लांबलचक ओंडका. मधे बरीच वर्षं पैशांची जुळणी होईना. तो ओंडका खोलीभर आडवा पडलेला, आणि ती आल्यागेल्याला दाखवायची. "हे बघा, धड आणलंय. डोकं कधी येतंय कोण जाणे. मालकासारखंच आहे."

डोकं आलं तेव्हा मात्र पायाखालचं सिमेंट तिने स्वतःच्या हाताने कालवलं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दिवा धरून उभी राहिली, हात भरून आला तरी हलली नाही. आणि मशीन चालू झालं त्या दिवशी त्याचं नाव ठेवलं, सवत.

"सवतीला तेल पाजलंत का? मग आम्हालाही जरा चहा विचारा," असं सारखं चालायचं. हळूहळू तिचा कान तयार झाला. कणीक मळता मळता आतल्या आवाजावरून ओरडून सांगायची, "अहो, टूल बोथट झालंय, किंचाळतंय बिचारं." आणि ते खरंच बोथट झालेलं असायचं. चहा झाला की हाक मारायची. तो आतून "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. "तुमच्या त्या 'आलो'ला काडीचा अर्थ नाही," असं म्हणत तीच कप आत आणून ठेवायची. तो कितीदा तरी गार चहा प्यायला होता. आता वाटायचं, तेव्हा उठून गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

गिऱ्हाईक आलं. चाळिशीतला वेल्डर होता. नोकरी सांभाळून घराच्या मागच्या बाजूला स्वतःचं काहीतरी उभं करायचं म्हणत होता.

"घरात कटकट चाललीय," तो लेथवरून हात फिरवत म्हणाला. "बायको म्हणते, लोखंड आणाल तर मी माहेरी जाते."

"म्हणू दे," टर्नर म्हणाला. "उद्या टूल बोथट झालं की तीच सांगेल तुम्हाला."

वेल्डर हसला. "चालवून दाखवता का, काका?"

ती आजारी पडल्यापासून मशीन बंदच होतं. टर्नरने बेड पुसला, तेल घातलं, बटण दाबलं. मोटर आधी कुरकुरली, मग पट्टा ताणला गेला आणि सळी धरायचा चक फिरायला लागला. खोलीत तो जुना, एकसारखा घरघराट भरला.

आणि बाहेरून तिचं हसणं ऐकू आलं.

"आले वाटतं," ती मुलीला सांगत होती. "आल्या आल्या बसले सवतीपाशी. पाणीसुद्धा प्यायले नसतील."

टर्नर तेलाच्या हातांनी तसाच बाहेर धावला. "अगं, मीच. मीच लावलं मशीन. मी आहे."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "हळू बोला हो जरा. आत काम चाललंय त्यांचं. काही काम होतं का तुमचं? बसा, बोलावते." मग दाराकडे मान वळवून तिने हाक मारली. "अहो, कुणीतरी आलंय तुमच्याकडे."

ती हाक ऐकायला त्याचे कान किती महिने आसुसले होते. आज तिने मारली, आणि ओ द्यायला तो आत नव्हता.

तेवढ्यात, बघून झालं असं वाटून, वेल्डरने बटण बंद केलं. घर गप्प झालं. तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"गेले," ती म्हणाली. "न सांगताच गेले. असे कधी जात नाहीत ते." ती उठायला लागली, मुलीने सावरलं तर रडायलाच लागली. टर्नरला तिच्याजवळ बसायचं होतं, तिचे डोळे पुसायचे होते. पण पुसले असते तर ते परक्या माणसाने. तिला जो हवा होता तो आतल्या खोलीत होता.

तो आत गेला. वेल्डरला बाजूला सारून त्याने बटण दाबलं.

बाहेरचं रडणं थांबलं. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, जरा संशयी. "अहो, रिकामंच फिरवताय का? काम नाही वाटतं आज?"

टर्नरला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. चक खरोखरच रिकामा होता. काम लावायचं तर मशीन थांबवायला हवं. त्याने थांबवलं आणि दाराकडे न बघता ओरडला, "थांब गं, लावतोय."

"सावकाश लावा," ती म्हणाली. "बोटं सांभाळा."

भिंतीआडून त्याचा आवाज तिला ओळखू येत होता. कोपऱ्यात एक जाड सळी पडली होती. त्याने ती चकमध्ये आवळली, टूल टेकवलं, आणि लोखंडाचा कीस सुटायला लागला.

"हं, आता कसं," ती म्हणाली आणि डावा हात आपण होऊन मुलीपुढे केला. "घ्या ताई, कापा."

वेल्डर मग हळूच म्हणाला, "काका, हे राहू द्या तुमच्याकडेच," आणि निघून गेला. मुलीने दारातून आत पाहिलं. "पलंग आहे तिथेच राहू दे, बाबा," ती म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता. ती आत यायला निघाली तेवढ्यात आईने अडवलं.

"तुम्ही नका नेऊ, ताई. हाक मारते मी." आणि तिने मारली. "अहो, चहा झालाय. या बाहेर."

तो बाहेर गेला असता तर तिच्यासमोर पुन्हा तो नखं कापणारा आगंतुक उभा राहिला असता.

"आलो," तो म्हणाला.

"ऐकलंत?" ती मुलीला सांगत होती, अगदी खुशीत. "आलो म्हणतात. आता गार होईस्तोवर यायचे नाहीत."

सळी निम्मी झाली होती. दुसरी घरात नव्हती. टर्नरने टूल जरा मागे घेतलं आणि हाताला जमेल तितका बारीक काप घ्यायला सुरुवात केली.