पायपुसणं केलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे आणि सध्या फार रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी असं रागावावं की नाही, मला ठाऊक नाही. माझं कुठे चुकत असेल तर समजून घ्या. पण राग खरा आहे.

माझा जन्म माणदेशातला. मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून, सूत काढून मला मागावर विणलं. मग चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणलं. तेव्हा मी इतकी ताठ होते की आधाराशिवाय उभी राहिले असते. श्रीरंग मास्तर आणि कुसुमबाई यांनी मला बाजारातून घरी आणलं. थंडीत मास्तर मला पांघरून वाचत बसत. पावसात माझी खोळ करून, म्हणजे एक टोक दुमडून डोक्यावर टोपीसारखं घेऊन, शाळेत शिकवायला जात. त्यांच्या मुलाला, यशोधनला, हिवतापाची हुडहुडी भरली की कुसुमबाई मलाच त्याच्या अंगावर घालत. त्या स्वतः आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यातली चादर त्यांनी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "अहो, माझी घोंगडी आणा." त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्या अंगावर होते.

पुढे यशोधन जर्मनीत इंजिनिअर झाला आणि एकट्या पडलेल्या वडिलांना हॅनोव्हरला घेऊन गेला. बॅगेत मी आणि त्यांची पुस्तकं दोन्ही मावेनात, तेव्हा मास्तरांनी पुस्तकं काढली आणि मला ठेवलं.

तिथे सूनबाईंनी, ईप्सिताने, वास येतो म्हणून मला मशीनमध्ये गरम पाण्यात धुतलं. मित्रांनो, घोंगडी अशी धूत नाहीत हो! तिला ऊन दाखवतात, जोरात झटकतात. मी आक्रसले. तेव्हापासून मला पांघरलं की मास्तरांचे पाय उघडे राहतात. ते नुसते पायमोजे घालून झोपू लागले. मला त्यांचासुद्धा राग आला.

ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळे हार्ट्सच्या डोंगरात लाकडी घर भाड्याने घेऊन राहायला गेले. मला डिकीत बुटांखाली अंथरलं होतं. वाटेत गाडी थांबली तेव्हा यशोधन डिकीपाशी येऊन ईप्सिताला हळूच म्हणाला, "परत जाताना हिला जुन्या कपड्यांच्या कंटेनरमध्ये टाकू. बाबांना सांगू नकोस."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"हरवली म्हणू. गेनाऊ, अगदी बरोबर, जंगलात हरवली."

मी ज्याची हुडहुडी थांबवली, तोच हे बोलत होता.

डोंगरातल्या घराशी पोचल्यावर मला दाराबाहेर व्हरांड्यात टाकलं, चिखलाचे बूट पुसायला. मास्तरांनी पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि आत जाऊन पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत खिचडी शिजत होती. यशोधनची मुलगी अन्वी काचेला नाक लावून बसली होती. तेवढ्यात व्हरांड्याच्या फळ्या करकरल्या. तांबूस केसांनी भरलेला एक भलामोठा हात खाली आला आणि त्याने मला उचललं.

"पापा! आइन सॅस्क्वॉच!" अन्वी किंचाळली. तिच्या चित्रांच्या पुस्तकात होता तो, दोन पायांवर चालणारा जंगलातला केसाळ माणूस.

"काहीतरीच! सॅस्क्वॉच कॅनडात असतो," म्हणत यशोधन खिडकीशी आला. मग त्याने मुकाट्याने दाराची कडी लावली.

"कॅनडातला इथे कशाला येईल?" ईप्सिता पुटपुटली.

"आपण तरी कुठले इथले?" मास्तर म्हणाले.

बाहेर त्या केसाळ माणसाने मला झटकलं. जोरात, घोंगडीला झटकतात तसं! वाळलेला चिखल उडाला. मग त्याने मला खांद्यावर घेतलं, गाल घासला आणि तो झाडांकडे वळला. खरं सांगते, मला जावंसं वाटलं.

इतक्यात कडी निघाली. मास्तर पायमोज्यांवरच बाहेर आले होते.

"अहो! अहो, तुम्ही! ऐकू येत नाही का?" वर्गातला तो आवाज कित्येक वर्षांत निघाला नव्हता. "माझ्या बायकोची घोंगडी आहे ती. ठेवा आधी खाली!"

"बाबा, आत या! अहो बाबा!" यशोधन दाराआडून ओरडत होता.

सॅस्क्वॉच थांबला. वळला. मास्तरांच्या पुढे केलेल्या हातांकडे त्याने पाहिलं. मग परत येऊन मला हलकेच कठड्यावर ठेवलं आणि तो झाडांत दिसेनासा झाला.

मास्तर मला छातीशी धरून आत आले, तर यशोधन हातमोजे घालून उभा. "बाबा, झटकू नका! त्याचे केस आहेत तिच्यावर. पुरावा आहे हा! आता हिला जिवापाड जपायचं. प्रयोगशाळेत पाठवू. थोडा तुकडा कापावा लागेल, बस." ईप्सिताने कात्री आणली, प्लास्टिकची पिशवी उघडली.

मित्रांनो, माझ्या रागाचं खरं कारण हे आहे. नुसती आईची घोंगडी होते तोवर मी कचरा होते, आणि कुणाचे चार केस चिकटताच मौल्यवान झाले!

"नाइन, पापा! कापू नको!" अन्वी मध्ये उभी राहिली.

"सरक गं राणी," मास्तर तिला म्हणाले. मग मुलाकडे वळले. "काल हिला बूट पुसलेस. मी गप्प बसलो, ती माझी चूक. आज कात्री?"

"अहो बाबा, जगात नाव होईल!"

"कुणाचं? घोंगडीचं?"

ते मला घेऊन पुन्हा व्हरांड्यात गेले. दोन टोकं त्यांनी धरली, दोन अन्वीने. त्यांनी मला असं झटकलं, असं झटकलं, की सगळा पुरावा वाऱ्यावर गेला. यशोधन कपाळाला हात लावून पाहत राहिला. मग तो पुढे आला. बाबांचे ओले पायमोजे दिसले असावेत. त्याने मास्तरांना आत नेऊन बसवलं आणि मला त्यांच्या पायांवर घातलं. कंटेनरचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू पडली असेल. तिला ऊन दाखवा, झटका, अंगावर घ्या. सॅस्क्वॉच येऊन तिला उचलेपर्यंत थांबू नका. कारण पुढच्या वेळी तो उचलायला आला, तर मी त्याच्याबरोबर जाणार आहे.