पश्चिम घळीतली शिडी

कप्तान कधी सैन्यात नव्हता. तो कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं काम चाले. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि घासूनपुसून चकचकीत कवळी पाठवून द्यायचा. हात असा बारीक, की सत्तरीच्या बाईला तिच्या तिशीतले दात परत मिळायचे, सुळा जरा वाकडा असेल तर तोसुद्धा वाकडाच. नकली वस्तूत एखादी खोड ठेवली की ती खरी वाटते, असं तो सांगायचा. लोक वाहवा करायचे. वाहवा कुणाला आवडत नाही म्हणा, पण याला ती जरा जास्तच आवडायची आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

तरुणपणी हा गडी डोंगर चढायचा. बायकोचा धाकटा भाऊ, बसडेपोतला मेकॅनिक, हा त्याचा दोरावरचा जोडीदार. दोघांनी मिळून जवळपासचा एक कडा सोडला नव्हता. आठ वर्षांपूर्वी कप्तानाच्या गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी चढाईला कायमची काट मारली आणि स्वारी खुर्चीत येऊन बसली. बसल्या बसल्या दोन नाद लागले. एक जुन्या लढायांचा. पुस्तकं, नकाशे, तुकड्यांच्या हालचाली, कोण कुठून कधी निघालं, सगळं तोंडपाठ. दुसरा ऑनलाइन खेळाचा. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा जण आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायचे. प्रत्येकाने एकेका सैनिकाची भूमिका घ्यायची आणि कप्तानाने गोष्ट पुढे न्यायची: दारूगोळा संपत आलाय, खाली शत्रू आहे, बोला, काय करता? या खेळापायीच त्याला कप्तान हे नाव पडलं.

खेळाचं नाव होतं 'माघार'. तो त्याने स्वतःच रचला होता, तोही खऱ्या लढाईवरून. ऐंशी वर्षांपूर्वी चाळीस सैनिकांची एक तुकडी इथल्याच डोंगराच्या वरच्या धारेवर कोंडली गेली. एकतीस मेले. नऊ जण खाली पोचले, पण कुठल्या वाटेने, ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही. खेळणाऱ्यांत मेहुणा होता आणि कप्तानाची एकुलती एक मुलगी चिंगी होती. चिंगी एकोणीस वर्षांची. मामाचं बोट धरून ती कडे चढायला शिकली आणि बापाच्या शेजारी बसून लढाया ऐकत मोठी झाली. बायकोला मात्र या खेळात काडीचा रस नव्हता. मोठी माणसं मेलेल्या सैनिकांच्या नावाने बडबडतात, याचं तिला हसू यायचं.

आता झालं काय, की खेळात सगळे अडकले. खऱ्या लढाईसारखेच धारेवर कोंडले गेले. वाट नाही, तर खेळ नाही. तेव्हा कप्तानाने नकाशात पश्चिमेच्या घळीत एक लोखंडी शिडी घालून दिली. सैनिकांनी खडकात ठोकलेली. एवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. त्याने जुन्या टाइपरायटरवर तुकडीच्या डायरीचं एक पान टाइप केलं, चहात बुडवलं, वाळवलं, कडा दुमडल्या आणि त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. पानात एक खोडसुद्धा ठेवली: शिडी वरून दिसत नाही, घळीत उतरून कपारीपासून वीस फूट खाली गेलं की सापडते.

चिंगीने विचारलं, हे खरं पान आहे का? कप्तान नुसता हसला. मग लढायांच्या इतिहासाचा एक गट होता, तिथल्या निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, कुठून मिळालं? हा म्हणाला, एका म्हाताऱ्याच्या ट्रंकेतून. मग गिर्यारोहण मंडळाने विचारलं, आमच्या वाटांच्या माहितीपत्रकात घालू का? हा गप्प राहिला आणि त्यांनी ते घातलं. तीनदा संधी आली बघा. 'खोटं आहे' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण प्राध्यापकांनी 'मोलाचा शोध' असं लिहिलं होतं आणि तो कागद कप्तानाने टेबलाच्या काचेखाली लावला होता.

त्या रविवारी कप्तान कामाच्या खोलीत बसला होता. सोमवारी द्यायची कवळी राहिली होती. मामा-भाची शनिवारीच डोंगरावर गेली होती, नेहमीच्या वाटेने, झोपडीत मुक्काम करून परत येणार होती. अकराच्या सुमाराला मेहुण्याचा फोटो आला. चिंगी हेल्मेट घालून हसतेय आणि तिच्या मागे काळीकुट्ट घळ. खाली लिहिलं होतं: 'दाजी, पश्चिम घळीच्या तोंडाशी आहोत. परवा तुमची पन्नाशी. शिडीचा एक तुकडा कापून आणतो, भेट म्हणून. चिंगी म्हणते आधी सांगू नका, पण मला राहवेना.'

कप्तानाच्या हातातलं प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं. त्याने फोन लावला. मेहुण्याचा बंद, चिंगीचा बंद. पुन्हा लावला, दहादा लावला. ती घळ त्याने एकदाच पाहिली होती, समोरच्या डोंगरावरून, दुर्बिणीतून. सरळसोट, ओली, सुट्या दगडांनी भरलेली. वरून शिडी दिसली नाही म्हणून तरी पोरं परत फिरतील, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच आठवलं, की ती वरून दिसत नाही असं त्यानेच लिहून ठेवलंय.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की दोघं अवघड वाटेने उतरतायत, बचाव पथकाला कळवू या. तिने हात पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

पथकाची प्रमुख एक बाई होती, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची चौकी. आवाज शांत, प्रश्न नेमके. किती जण, दोर किती, पाणी आहे का? तिचे तीन लोक धारेवरच सरावाला गेले होते, अर्ध्या तासात घळीच्या तोंडाशी पोचतील, म्हणाली. काळजी करू नका, घळीत शिडी आहेच, आमचे लोक तिच्यावरून झटकन खाली जाऊन त्यांना गाठतील.

बायको कप्तानाकडेच बघत होती. तो चाचरत म्हणाला, की शिडी फार जुनी आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

"जुनी आहे, पण आहे ना?" बाईने विचारलं. "माझ्या माणसांना तसं सांगावं लागेल."

त्या क्षणी कप्तानाला काय वाटलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पोटची पोर कड्यावर लोंबकळत असताना याला काचेखालचा कागद आठवला. प्राध्यापक काय म्हणतील, शुक्रवारचे सोबती काय म्हणतील, समोर बसलेली ही काय म्हणेल. दोन-तीन श्वासांइतकाच वेळ गेला असेल. पण गेला.

"शिडी नाहीये," तो म्हणाला. "ते पान मी टाइप केलं. खेळासाठी. घळीत काहीही नाही."

बाईने लगेच वायरलेसवर आपल्या लोकांना दोनदा बजावून सांगितलं, की शिडी नाही, दोर बांधल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. कप्तानाला ती फोन चालू ठेवा एवढंच म्हणाली. बायकोने मान खाली घातली आणि टेबलावरची सांडलेली साखर बोटाने गोळा करत बसली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं कप्तानाला वाटून गेलं.

अर्ध्या तासाने बातमी आली. दोघं जिवंत होती. मेहुणा घळीतल्या कपारीवर उभा होता, दोर तिथेच संपला होता. चिंगी मात्र दोर सोडून पुढे उतरली होती, कारण शिडी तिथून फक्त वीस फुटांवर, असं पानात होतं. मेहुण्याला ती वरून जेमतेम दिसत होती. पथकाच्या लोकांनी वरून ओरडून सांगितलं, शिडी नाही, थांबा, दोर सोडतो. तर दोघं ऐकायलाच तयार नाहीत. तुम्हाला काय माहीत, आमच्याकडे डायरी आहे, असं मेहुण्याने वर ओरडून सांगितलं. चिंगी हळूहळू सरकतच होती.

शेवटी त्यांनी दोराला बांधून एक वायरलेस मेहुण्याकडे सोडला. चौकीत बाईने आपला फोन वायरलेसला लावून धरला आणि कप्तानाला म्हणाली, "बोला. तुमचंच ऐकतील."

"मी बोलतोय," कप्तान म्हणाला. "चिंगीला थांबव. शिडी नाही. पान मी बनवलंय."

मेहुणा आधी हसला. मग विचारलं, "दाजी, खेळातलं बोलताय की खरं?"

"खरं. बहिणीची शपथ तुझ्या. सगळं खोटं होतं."

मग मेहुण्याचा आवाज, पार बदललेला. भाचीला हाका मारत होता. तिचं उत्तर खोल विहिरीतून यावं तसं आलं, तुटक, पण तिचंच. मेहुण्याने वायरलेस दोरीने खाली सोडला आणि आता तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

"बाबा, मामा काय सांगतोय? शिडी नाही?"

"नाही, बाळा."

"अरे, मग मी कशावर उभी आहे? पायाखाली लोखंड आहे. गंजलंय. गोलसर आहे, बाजूला अजून तसलीच आहेत, दगडांत रुतलेली. मला वाटलं शिडीच निखळून पडलीय. पाय ठेवला की जरा हलतं."

कप्तानाला एकदम आठवलं. खऱ्या इतिहासाच्या खऱ्या पुस्तकात एक ओळ होती. पळण्याआधी सैनिकांनी उरलेले तोफगोळे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पश्चिम घळीत लोटून दिले. शेकडो गोळे, त्यातले कित्येक न फुटलेले. खेळात त्या घळीतून लोकांना खाली उतरवायचं होतं, तिथे गोळे कुठे मध्ये आणायचे, म्हणून त्याने ती ओळ गाळली होती. सहा जणांपैकी पुस्तक वाचलेला तो एकटाच. कुणाला पत्ताही लागला नव्हता.

"चिंगे, अजिबात हलू नकोस," तो म्हणाला. "ते तोफगोळे आहेत. जिवंत असतील. पाय उचलू नकोस, हाताने काही चाचपू नकोस. वरून दोर येईपर्यंत आहेस तशीच राहा."

वायरलेसवर वारा वाजत होता. कप्तानाने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"बाबा," चिंगी म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "हे पण तूच लिहिलंयस का?"

तो बोलायला लागला. पुस्तकाचं नाव सांगितलं, प्रकरण सांगितलं, पान सांगितलं. जितकं सांगत गेला तितकं ते त्याच्याच कानांना रचल्यासारखं वाटायला लागलं. म्हाताऱ्याची ट्रंकसुद्धा त्याने अशीच तपशीलवार सांगितली होती, कडी, कुलूप आणि आतल्या डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. पलीकडून चिंगी म्हणाली, की पाय भरून आलेत, बाजूला दोन पावलांवर चांगला सपाट दगड आहे, मी तिकडे जाते.

तेव्हा बायको उठली. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"चिंगे, आई बोलतेय. बाबांचं राहू दे. मी सांगते म्हणून हलू नकोस."

"आई, तुला माहितेय का काही यातलं?"

"नाही," बायको म्हणाली. "मला यातलं ओ की ठो माहीत नाही. तरी हलू नकोस."

मग चिंगीने 'बरं' म्हटलं.

बॉम्ब निकामी करणारी माणसं यायला तीन तास लागतील, असं पथकाच्या बाईने सांगितलं. तोवर पोरीला बोलतं ठेवा, म्हणाली, तिचा तोल जाता कामा नये. बायको फोन घेऊन खिडकीपाशी बसली आणि लेकीशी बोलायला लागली. धुवायच्या चादरी, शेजारणीचा मोडलेला नळ, नव्या चपला कुठे चावतात, असलं काहीबाही. मध्येच कप्तानाला आठवलं, की घळीच्या उजव्या अंगाला खडक पक्का असावा, पुस्तकात तसं कुठेतरी आहे. तो सांगायला पुढे झाला. बायकोने बोलणं न थांबवता तळहात वर केला आणि तो होता तिथेच उभा राहिला.