धामणीचा दांडा

डोमाजीसोबत धनुष्याचं लाकूड आणायला जाणं म्हणजे डोक्याला ताप होता. आम्ही पोडावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, सगळेच एकदा ना एकदा त्याच्या मागे रानात वणवण हिंडलो आहोत. धामणीची झाडं दिसायची, चांगली मनगटाएवढी, आणि हा बाबा मान हलवून पुढे चालू लागायचा. एकट्यानं उघड्यावर वाढलेलं झाड त्याला चालायचं नाही. दाटीत उभं राहून उजेडासाठी सरळ वर गेलेलंच हवं. सालीच्या रेघा बुडापासून वर नीट जायला हव्यात. जरा पीळ दिसला की ते झाड बाद, ताण पडला की असलं लाकूड हमखास मोडतं. सगळं जुळलं तरी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं ठोकून कान लावायचा, आणि तोडायचं म्हटलं तर पौषातल्या अंधाऱ्या पंधरवड्यातच, नाहीतर भुंगा लागतो. आम्ही वैतागायचो, मागून नकला करायचो. पण त्याच्या हातचं धनुष्य मोडल्याचं कुणी ऐकलं नाही.

शेवटचं झाड त्यानं पुतण्यासाठी, आयतूसाठी तोडलं. करवत न लावता पाचरी ठोकून ते उभं फोडलं, त्यातला धनुष्याजोगा दांडा तासून दोन्ही टोकांना शेण लिंपलं आणि तो चुलीच्या वर आढ्याला टांगला. "दोन पावसाळे धूर खाऊ दे. ठोकलं का टणटण वाजलं पाह्यजे, तवा ने," असं आयतूला बजावलं. दिवस कापसाच्या वेचणीचे होते. त्याच उन्हाळ्यात डोमाजी तापानं गेला.

आमच्यात माणसाच्या वापरातल्या वस्तू माणसाबरोबर मातीत जातात. कुऱ्हाड गेली, त्याचं धनुष्य गेलं, तंबाखूची डबी गेली, अंगावरचं घोंगडंही गेलं. दांडा तेवढा राहिला, कारण तो त्याचा नव्हताच. तो आयतूचा होता.

डोमाजीची बायको जमनी एकटी उरली. मूलबाळ नव्हतं. घरात गॅस आला होता, पण ती चुलीवरच रांधायची. दांड्याला धूर हवा म्हणून. बाया म्हणायच्या, नवऱ्याचं काम पुरं करून राह्यली बिचारी. आम्हालाही ते खरंच वाटायचं. सकाळी चूल पेटवली की ती हात वर करून बोटाच्या पेरानं दांड्यावर टकटक करायची. त्याच्या हातानं तासलेल्या जागा तिला हाताला लागायच्या. तिला डोमाजी हवा होता, आणि साऱ्या घरात तो तेवढ्याच जागी उरला होता.

पहिला पावसाळा सरला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी दांडा जरा खणखणीत वाजला. जमनीनं चटकन हात मागे घेतला. हे तिनंच पुढे सांगितलं, नाहीतर आम्हाला कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी सगळे वेचणीला गेल्यावर तिनं दांडा खाली काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि दिवसभर मांडीशी घेऊन बसली. संध्याकाळी पुन्हा टांगला. मग तिचा तो नेमच झाला. रात्री चुलीचा धूर द्यायचा आणि दुपारी पाणी.

दुसरा पावसाळाही गेला. आयतू आला तेव्हा आम्ही चार-पाच जण सोबत होतो. नव्या धनुष्याची हौस आम्हालाच जास्त. आयतूनं दांडा उतरवला, अंगणात आणला, दगडावर ठोकला. भद्द असा आवाज आला. त्यानं उलटा करून ठोकला. पुन्हा तेच. अंगठ्याच्या नखानं दाबलं तर नख आत रुतलं.

"दोन पावसाळे धूर खाऊन असा?" आयतू म्हणाला. "काकी, काकाचं हे झाड चुकलं वाटते."

"नजर गेलती त्याची आखरीले," कुणीतरी म्हटलं.

"कानही गेलते. ठोकून समजलं नसन," दुसऱ्यानं भर घातली. एवढी वर्षं त्याच्यामागे रान तुडवलं त्याचा वचपा काढायची संधी होती, आम्ही ती सोडली नाही. हसलोसुद्धा.

आयतू मनाचा चांगला. त्यानं दांडा दाराशी टेकवला. "राहू दे काकी तुह्याचजवळ. मी बांबूचं करतो. काकाची आठवण म्हणून ठेव."

जमनीला जे हवं होतं ते आता आयतं तिच्या दाराशी उभं होतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. आम्ही निघालोही होतो.

"थांबा," ती म्हणाली. "माह्या बुढ्याचं झाड नाई चुकलं."

आम्ही वळलो.

"मागच्या दिवाळीलेच वाजलं होतं ते, टणटण. मंग मी पाणी लावून राह्यली त्याले. रोज. वल्ल्या पोत्यात ठेवून राह्यली."

"काहून पण?" आयतूला काही उमगेना.

"वाळलं असतं त तू नेलं असतं." तिनं दाराशी टेकवलेल्या दांड्यावर हात ठेवला. "मले कोण राह्यलं मंग?"

मघाशी हसलेलो आम्ही जमिनीकडे पाहत उभे राहिलो. शेवटी आयतू हळूच म्हणाला, "मले घाई नाई, काकी. तुह्या घरीच वाळू दे. मी अजून दोन पावसाळे थांबतो."

जमनीनं दांडा उचलला. पदरानं तो खालपासून वरपर्यंत पुसला आणि आयतूच्या हातात दिला.

"आजच ने," ती म्हणाली. "माह्या घरी हे वाळनार नाई."