दुसऱ्या खेपेचे तास

आमच्या कारखान्यात गॅसच्या शेगडीचे कॉक बनतात. माझी ताई ते एकेक करून पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि आत हवा सोडून बघायची. बुडबुडा आला की कॉक गळका. अठरा वर्षांत तिच्या बोटांवरच्या सुरकुत्या कधी गेल्याच नाहीत. मला तिथल्या ऑफिसात चिकटवलं तेही तिनंच, साहेबांच्या हातापाया पडून.

माझं काम दर्जावरच्या खर्चाची वाटणी करायचं. रकाने चार: चूक होऊच नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा, कारखान्यातच सापडलेल्या चुकीपायी झालेला, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेल्या चुकीपायी झालेला. गळके कॉक दुरुस्त होऊन पुन्हा ताईकडेच यायचे. त्या दुसऱ्या खेपेचे तास तिसऱ्या रकान्यात जायला हवेत, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"तपासणीत टाक रे," साहेब म्हणाले. "हात पाण्यातच जातो ना दोन्ही वेळा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

टाकले. दोन वर्षं टाकत राहिलो. कागदावर चुकांचा खर्च निम्म्यावर आला. सुंठीवाचून खोकला गेला! साहेबांना बढती मिळाली, मला फिरती खुर्ची.

मग वरून आदेश आला. चुका कमी झाल्यात, तपासणीच महाग पडते. टाक्या बंद करा, शंभरात एक कॉक बघा. महिनाअखेरीस ताई घरी बसली.

मी तक्ते घेऊन साहेबांकडे धावलो. त्यांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं. "तुझीच ना? दोन वर्षं खोटं लिहिलंस, असं सांगू वर? मग दोघंही बसा घरी."

मी शेपूट घालून परत आलो. भेकड माणूस मी, दुसरं काय! ताईपाशी तोंड उघडलं नाही. ती आपली म्हणायची, "तुझी नोकरी आहे ना, बास."

चार महिन्यांनी पत्र आलं. कॉक गळून एका स्वयंपाकघरात भडका उडाला होता, बाई भाजली होती. मी तो खर्च चौथ्या रकान्यात लिहिला, अगदी बरोबर. संध्याकाळी न राहवून ताईला सांगितलं.

"माझ्या हातून गेलेला?" ती घाबरली.

"नाही. तू गेल्यानंतरचा."

तिचा जीव भांड्यात पडला. मग बराच वेळ ती बोटं चोळत बसली. बोटं आता कोरडी होती.

"तपासणी महाग पडते म्हणाले," ती म्हणाली. "पण अर्धा दिवस तर मी दुरुस्तीचेच कॉक बघायचे. ते तास तू कशात लिहायचास रे?"