टेबलाखालचा फळा

मी एक जुना बोर्ड आहे, मित्रांनो. पण कसला बोर्ड, असं विचारलंत तर माझी पंचाईत होते. उत्तर एका दमात संपत नाही. तेव्हा जरा सावरून बसा.

जन्माने मी सागवानाच्या तीन फळ्या. खजुराची ने-आण करणाऱ्या एका गलबताच्या कुशीला आम्ही तिघी शेजारी शेजारी बसवलेल्या होतो. बाहेर खारं पाणी, आत गोड पोती, मजेत आयुष्य चाललं होतं. पुढे गलबत थकलं, मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्यात नेऊन फोडलं गेलं, आणि आम्हाला कुर्ला गावठाणातल्या व्हिन्सेंट सुताराने उचललं. त्याने रंधा मारला, सरस लावला, मागून पट्ट्या ठोकल्या आणि तिघींचा एक जीव केला. तोवर मी फळी होते, त्या दिवसापासून मी फळा झालो. मराठी भाषेपुढे कोणाचं काही चालत नाही.

एका शाळेने व्हिन्सेंटला फळ्याची ऑर्डर दिली होती, म्हणून त्याने माझ्या एका अंगाला काळा रंग दिला. पण मला भिंतीवर चढवताना चार माणसांना घाम फुटला. "हा फळा आहे की दरवाजा?" असं म्हणून शाळेने मला परत पाठवलं. फार वाईट वाटलं हो. वर्गात जायच्या आधीच नापास झालो होतो मी.

त्याच आठवड्यात घाटकोपरच्या पंतनगरमधून रत्नप्रभावहिनी टेबल शोधत आल्या. त्यांचा नवरा शिवदास गिरणीतला. संप लांबला, गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, तेव्हा तो प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागला आणि वहिनींनी घरात खाणावळ काढली. व्हिन्सेंटने मला उलटं केलं, काळी बाजू खाली, लाकडी बाजू वर, आणि दोन लाकडी घोड्यांवर ठेवून म्हणाला, "हे घे टेबल. भूकंप झाला तरी डाळ सांडणार नाय."

अशा रीतीने मी हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत तळमजल्यावर नोकरी धरली. दुपारी बारा वाजता माझ्याभोवती खाणावळीचे सहा मेंबर बसायचे. बांगड्याचं तिखलं असलं की कोणी बोलायचं नाही, आणि दुधी असला की सगळे राजकारणावर बोलायचे. दोन वाजता शेवटचा मेंबर गेला की वहिनी मला पुसायच्या, दार लोटायच्या, आणि मग आमचं गुपित सुरू व्हायचं. त्या मला घोड्यांवरून उतरवून भिंतीला टेकवायच्या, काळी बाजू पुढे, आणि खडू घेऊन अभ्यासाला बसायच्या. चार वाजता फडकं फिरवलं की पुरावा नष्ट!

वहिनींनी बाहेरून मॅट्रिकला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. लग्नामुळे शाळा नववीत सुटलेली. कॉलनीच्या बालवाडीला बाई हवी होती आणि अट एकच होती, मॅट्रिक पास. जूनपर्यंत थांबतो, असं बालवाडीवाल्यांनी सांगितलं होतं. मागच्या वर्षी वहिनींचे बाकी सगळे विषय सुटले, पेपरांना घराबाहेर पडायचं निमित्त म्हणून मुलुंडच्या मावशीला सहा वेळा आजारी पाडावं लागलं. इंग्रजीत मात्र एकवीस. ही आता शेवटची संधी. घरात कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. या वयात पुस्तक धरलं तर लोक हसतील, याची त्यांना नापास होण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

इंग्रजी शिकवायला यायच्या ज्युलिया टीचर, व्हिन्सेंटची थोरली बहीण. शाळेतून रिटायर झालेल्या, पायाने अधू, पण जिभेने तरतरीत. एका दुपारी हॉलतिकीट आलं. त्यावरचं बोर्डाचं नाव वाचूनच वहिनींनी ते पालथं घालून ठेवलं.

"टीचर, मला या बोर्डाची धडकी भरते. कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं."

"बोर्डाला काय घाबरते गो?" टीचरांनी पिशवीतून विटेएवढा जाड शब्दकोश काढला. "बस. आज ग्रामर नाय. आज या एका शब्दाची कुंडली बघू."

आणि मित्रांनो, त्या दुपारी मला माझी स्वतःची ओळख झाली.

"बोर्ड म्हणजे मुळात फळी," टीचर म्हणाल्या. "जुन्या इंग्रजीतला शब्द, हजार वर्षांवरचा. मग जहाजाची बाजू, ती पण बोर्ड. म्हणून आजही जहाजात चढलं की ऑन बोर्ड म्हणतात."

मी कान टवकारले. गलबत!

"मग माणसं फळी मांडून तिच्यावर जेवायला लागली, तेव्हा टेबलाला बोर्ड म्हणायला लागले. मग टेबलावरच्या जेवणाला पण बोर्ड. जिथं राहायला-जेवायला मिळतं ते बोर्डिंग."

"म्हणजे माझी खाणावळ?"

"तुझी खाणावळ! कप मांडायची फळी ती कपबर्ड, तिला नंतर दारं लागली आणि कपाट झालं. आणि मोठी माणसं काही ठरवायला ज्या टेबलाभोवती बसायची, त्या टेबलाचं नाव माणसांनाच चिकटलं. शिक्षणाचं बोर्ड, विजेचं बोर्ड, तुझ्या कॉलनीचं हाउसिंग बोर्ड, सगळी तिथनंच आली."

वहिनींना जे हसू फुटलं, ते पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "अगं बाई! म्हणजे मला घाबरवणारं बोर्ड म्हणजे टेबलाभोवती बसलेली माणसं? तशी सहा तर माझ्याकडे रोज बसतात, आणि अजून थोडा भात वाढा म्हणून मागं लागतात!"

त्या दिवसापासून त्यांचा खडू माझ्यावर न अडखळता धावू लागला. आणि मी? शाळेने परत पाठवलेला मी, एका शब्दाच्या हजार वर्षांतली निम्मी पदं स्वतः भूषवून बसलो होतो. माझी छाती फुगली नाही एवढंच, व्हिन्सेंटच्या पट्ट्या पक्क्या होत्या म्हणून.

इंग्रजीच्या पेपराचा आदला दिवस उजाडला. टीचरांनी सांगितलं होतं, "मैत्रिणीला पत्र लिही, पण खरंखुरं लिही. खरं असलं की शब्द आपोआप येतात." शिवदास बाजारात गेला तेवढ्यात, बारा वाजायच्या जरा आधी, वहिनींनी ते माझ्यावर लिहून काढलं. पुसणार एवढ्यात दूध उतू गेलं आणि त्या आत धावल्या. शिवदासची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी, तो बाजारातून परतला. बायको धावपळ करते आहे बघून त्याला एकदम मदतीची हुक्की आली. ज्या माणसाने कधी टेबल मांडलं नाही, त्याला टेबलाची वरची बाजू कुठली हे कसं कळावं? त्याने मला उचलून घोड्यांवर ठेवलं, काळी बाजू वर! वरचा खडू त्याला खाणावळीचा हिशोब वाटला, त्यावरच ताटं मांडली आणि मेंबरांना हाक मारली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

कारखान्यातला धोंडू पहिल्यांदा थबकला. "शिवदासा, मेल्या, ह्या टेबलार कोणी लिवल्यान?"

चंद्रप्रकाश कंडक्टर इंग्रजी जाणणारा. त्याने ताट बाजूला सरकवलं आणि वाचून मराठीत सांगू लागला. "प्रिय मैत्रिणी, उद्या माझा इंग्रजीचा पेपर आहे. घरी कोणाला माहीत नाही. मी पास झाले तर पहिल्यांदा नवऱ्याला सांगणार आहे. नापास झाले तर फक्त तुला."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. वहिनी आमटीचं पातेलं घेऊन दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"मला का नाही सांगितलंस?" शिवदासने विचारलं.

"तुम्ही हसला असता."

शिवदास माझ्यावरच्या अक्षरांकडे बघत राहिला. "हसलो असतो," तो हळूच म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "आता सगळ्यांना कळलं. मी नाही बसत उद्या."

तेवढ्यात धोंडूने आपलं ताट उचलून हातात घेतलं. "अक्षरां पुसतली," तो म्हणाला. मग चंद्रप्रकाशने उचललं, मग बाकीच्यांनी. त्या दुपारी सहाही मेंबर भिंतीला पाठ लावून, ताट हातावर तोलत उभ्याने जेवले, आणि माझ्यावरच्या एका अक्षरालाही आमटीचा थेंब लागला नाही. मित्रांनो, खारं पाणी पचवलेलं लाकूड मी, पण त्या दिवशी आतून ओलावलो.

"वहिनी, एवढं झकास पत्र लिहिलंय," चंद्रप्रकाश म्हणाला, "एकच स्पेलिंग चुकलंय, यार. उद्या बसायचं म्हणजे बसायचं."

"आणि तुमचं जेवण?"

"मी करीन," शिवदास म्हणाला.

"मगे माझो उद्या उपास," धोंडू म्हणाला, आणि खोली हसण्याने दणाणली. वहिनीसुद्धा हसल्या, डोळे पुसत पुसत.

दुसऱ्या दिवशी शिवदासने त्यांना परीक्षेच्या शाळेपर्यंत सोडलं आणि घरी येऊन पिठलं केलं. त्या पिठल्याबद्दल मी न बोललेलं बरं. सहाही जणांनी ते संपवलं, यातच सगळं आलं.

जूनमध्ये निकाल लागला. वहिनी धावत आल्या आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे पहिल्यांदा शिवदासला सांगायला गेल्या. तोंडाने सांगायच्या ऐवजी त्यांनी गुणपत्रिकाच पुढे केली. इंग्रजीत बावन्न! शिवदासने ती दोन्ही हातांनी धरली, आणि पंतनगरभर दारोदार दाखवत फिरला. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

वहिनी बालवाडीच्या बाई झाल्या आणि मला सोबत घेऊन गेल्या. चार वर्षं झाली. आता भिंतीवर नवा हिरवा फळा आहे, आणि मी खाली जमिनीवर असतो. माझा रंग उडालाय, एका कोपऱ्याचा टवका गेलाय. पण चिमुकली पोरं माझ्यावर पालथी पडून मासे काढतात, बस काढतात, नाक पुसायला विसरतात. याहून मोठी बढती मला नको.

मित्रांनो, एवढंच मागतो. जुनी फळी दिसली की लगेच चुलीत घालू नका, तिला एकदा उलटून बघा. माझ्यासारख्यावर खडूने लिहिलंत तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि तुमच्या घरात आईने, मावशीने, आजीने कधी पुस्तक उघडलं, तर हसू नका. आपापलं ताट उचला आणि तिला जागा करून द्या.