लोणच्याची बरणी आणि दोन महिन्यांचं चीज

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. वर तपकिरी, खाली पांढरी, काठाचा एक टवका उडालेला. टवक्याकडे काय बघता? माझं काम बघा! सिंधूताईंचं कैरीचं लोणचं मी एकतीस वर्षं सांभाळलं. एकदाही बुरशी धरू दिली नाही. ओल्या हाताने मला शिवायची तर घरात कुणाची छातीच नव्हती.

मग प्लॅस्टिकच्या हलक्या बरण्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. चार वर्षं धूळ खाल्ली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला खाली काढलं ते सिंधूताईंच्या सुनेने, धम्मशीलाने. घरच्या गाईच्या दुधाचं कडक चीज करायला ती शिकून आली होती. दोन महिने तिने ते फ्रिजमध्ये उलटपालट करत जपलं. तयार झाल्यावर त्याचे दोन तुकडे केले. मला गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवलं, एक तुकडा बटर पेपरात सैल गुंडाळून माझ्यात ठेवला आणि तोंडाला सुती फडकं बांधून मला फ्रिजमध्ये ठेवलं. दुसरा तुकडा तिने तसाच कागदात गुंडाळून डब्यात ठेवला होता. पण तो सुकेल म्हणून सिंधूताईंनी मायेपोटी प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधून टाकला.

आठ दिवसांनी चिखलीचे बेकरीवाले माणिकराव चीज चाखायला येणार होते. पसंत पडलं तर दर महिन्याला नेणार होते. त्याच सकाळी सिंधूताईंनी पिशवी सोडली आणि नाकाला पदर लावला. आतला तुकडा घामेजून बुळबुळीत झाला होता. मग त्यांनी माझं फडकं काढलं. अगं बाई! माझ्यातल्या तुकड्यावरही रुपयाएवढा हिरवट डाग! शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गेलं वं सगळं!" सिंधूताई म्हणाल्या. "लोणच्याले बुरशी धरली का आपण अख्खं लोणचं फेकतो. हेही फेक."

धम्मशीलाचे डोळे भरून आले, पण तिने मला घट्ट धरलं. "थांबा जी आई! लोणच्यात रस रायते, बुरशी खालपर्यंत उतरते. हे कडक हाय. तुमी लोणचं नुसतं वासावरून वळखता न? मंग याचाही वास घ्या."

तिने डागापासून चांगला इंचभर लांबून, तितकंच खोल कापून तेवढा भाग काढून टाकला. सुरीचं पातं डागाला लागू दिलं नाही. सिंधूताई वाकल्या. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"पिशवीतलं गेलं. माह्याच हातानं गेलं ते," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे चांगलं हाय वं! भाजल्या शेंगदाण्यावानी वास येऊन राह्यला." आणि त्यांनी एक छोटा तुकडा तोंडात टाकला. "पहिले मीच खातो. काही झालं तर मले होऊ दे."

काही झालं नाही. अकरा वाजता माणिकराव आले, त्यांनी चाखलं आणि दुसऱ्यांदा हात पुढे केला. "दर महिन्याले पाठवा," ते म्हणाले. "पण ठेवता कशात?"

सिंधूताईंनी मला पदराने पुसून त्यांच्यापुढे मांडलं. "इच्यात. इनं कधी दगा नाही देल्ला." मित्रांनो, त्या दिवशी मी माझा टवकाही मिरवला!

तेव्हा एवढं ऐका. कडक चीज सैल कागदात ठेवा, त्याला श्वास घेऊ द्या. छोटा डाग दिसला तर दूरवरून कापा. बुळबुळीत झालं, वास नाकाला झोंबला, तर चाखून बघायच्या फंदात पडू नका, सरळ फेका. आणि माळ्यावर कुणी जुनं पडलं असेल तर एकदा खाली उतरवून बघा.

परवा सिंधूताईंचे यजमान जानराव नळावरून आले आणि त्यांनी थेट मला हात घातला.

"हात पुसा जी पहिले!" सिंधूताई कडाडल्या.

चार वर्षांनी ऐकलं हो मी हे!