अध्यक्षस्थानी धोंडबाजी

उमेदवार अंकुशभाऊ ठवकरांच्या जाहीरनामा प्रकाशनाची पत्रिका तपासताना छापखान्यात प्रूफं वाचणाऱ्या वंदना गजभियेचा लाल पेन अध्यक्षांच्या नावावर येऊन थांबला आणि तिला मनापासून हसू आलं. 'अध्यक्षस्थानी : मा. धोंडबाजी बोकडे, उमरेड.' धोंडबाजी तर दिवाळीच्या आधीच वारले होते. त्यांच्या तेरवीला अंकुशभाऊंनी स्वतः पंगतीत वाढलं होतं. नंदनवनच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लावला होता, त्यात मेलेल्या माणसापेक्षा भाऊंचाच फोटो मोठा होता.

ही चूक कशी झाली हे वंदनाला कोणाला विचारावं लागलं नाही. भाऊंच्या कार्यालयात नवीन मजकूर कोणी लिहीतच नसे. मागच्या निवडणुकीची फाईल उघडायची, तारीख आणि मैदान बदलायचं, की झाली पत्रिका तयार. मागच्या वेळी धोंडबाजी अध्यक्ष होते, म्हणून याही वेळी तेच. उमरेडहून येऊन नंदनवनात वसलेली विणकरांची घरं धोंडबाजींच्या शब्दावर मतं टाकत, त्यामुळे त्यांचं नाव इतकं सवयीचं झालेलं की त्यावर कोणाची नजर अडकलीच नाही.

वंदनाची अडकली. पण तिनं खूण केली नाही.

का करावी? मागच्या निवडणुकीत याच भाऊंनी जाहीरनाम्यात ठोकून दिलं होतं की वॉर्डात वाचनालय बांधून झालं. तिथे उभी होती एक भिंत, तिलाही गिलावा नव्हता. वंदनानं त्या वाक्याला लाल गोल केला होता आणि भाऊंनी हसून तो खोडला होता. पुढे वर्तमानपत्रांनी भाऊंना फाडून खाल्लं तेव्हा या गृहस्थानं पत्रकारांना बोलावलं, वंदनाला शेजारी उभं केलं आणि बोट दाखवून सांगितलं, "या बाईनं प्रूफ नीट पाहिलं नाही." प्रेसचे मालक श्रीधरकाका काकुळतीला आले म्हणून तिनं कॅमेऱ्यापुढे माफी मागितली. ती चित्रफीत बुटीबोरीतल्या नातेवाइकांपासून तिच्या मुलीच्या, मोनालीच्या शाळेपर्यंत सगळीकडे फिरली. एम.ए.ला मराठी घेऊन पहिली आलेली बाई, आणि लोक तिला 'वाचनालयवाली' म्हणू लागले. हा अपमान वंदनानं गिळला नव्हता, दाढेखाली धरून ठेवला होता.

तरी तिनं भाऊंना संधी दिली. ते सही करायला प्रेसमध्ये आले तेव्हा पत्रिका पुढे ठेवून म्हणाली, "भाऊ, एकदा वाचून घ्या."

"मंग तुमाले काहून ठेवलं हाय वं?" फोन कानाला लावलेलाच होता. भाऊंनी 'वाचले, छापावे' या शिक्क्याखाली झोकदार सही ठोकली आणि निघून गेले. खड्डा त्यानं स्वतः खणला आणि वर स्वतःची पाटीही लावली, मग मी कशाला अडवू, असं वंदनानं मनाशी म्हटलं. त्या दिवशी तिनं घरी पाटोड्याची भाजी केली आणि दोन घास जास्तच जेवली.

सभेच्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. चांगली ठेवणीतली साडी नेसली होती. तमाशा बघायला जाताना माणसानं नीटनेटकं असावं.

भाऊ माईकवर उभे राहिले तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून एक म्हातारी आत आली. धोंडबाजींची बायको अंजनाबाई. उमरेडहून एस.टी.नं आल्या होत्या आणि छातीशी नवऱ्याचा हार घातलेला फोटो धरला होता. त्यांना वाट द्यायला अख्खी सभा बाजूला सरली. त्या सावकाश मंचावर चढल्या, मधल्या मोठ्या खुर्चीवर फोटो ठेवला आणि माईक हातात घेतला.

"तुमी बोलावलं, मी त्याले घेऊन आली," त्या म्हणाल्या. "आता सुरू करा कार्यक्रम. अध्यक्षाचं भाषण कोण करते?"

विणकरांच्या बायका आधी उठल्या, मग पुरुष. कोणी ओरडलं, "मेल्यावर तरी सोडा बुढ्याले!" भाऊंचा चेहरा उकडलेल्या वांग्यासारखा झाला. त्यांनी नेमकं तेच केलं ज्याची वंदना वाट पाहत होती. तेच बोट, तेच वाक्य. "मायबापहो, चूक प्रेसवाल्याईची हाय! थे पाहा, थे प्रूफ वाचणारी बाई!"

वंदना उठली, मंचावर गेली आणि सही केलेली प्रत तिनं सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "वाचले, छापावे. सही, अंकुश ठवकर," तिनं माईकवर मोठ्यानं वाचलं. "हे याहीनं माह्यासमोर केलं. वाचा म्हटलं होतं मी. नाही वाचलं." मैदानभर हशा उसळला. शेकडो मोबाईल वर आले, आणि या वेळी त्यांच्यात माफी मागणारी ती नव्हती. भाऊ घामाघूम होऊन खाली बसले. विणकर घोळक्या-घोळक्यानं निघून चालले होते. वंदनाच्या अंगावर सुखाचा काटा आला. असं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

"थांब वं पोरी," अंजनाबाई म्हणाल्या. "त्यानं नाही वाचलं. तू तं वाचते ना? तुले दिसलं होतं त्याचं नाव?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण वंदनाला ते जमलं नाही. "दिसलं होतं," ती म्हणाली.

"मंग ठेवलं काहून?"

"याची जिरवायची होती, काकू. तुमच्याबद्दल माह्या मनात काहीच नव्हतं."

अंजनाबाईंनी माईक बाजूला केला. आता त्या फक्त वंदनाशी बोलत होत्या.

"पहिली पत्रिका अध्यक्षाच्या घरी जाते, हे तुले माहीत असन. भाऊची पोरं नवी होती, त्याईले काही ठाव नव्हतं, अक्षता घेऊन दारात उभी राहिली. म्हणे, धोंडबाजी हायेत का? मी चुलीपाशी होती. मी आतल्या खोलीकडं पाहून हाक मारली, 'अहो, कोण आलं पाहा.'" त्यांनी खुर्चीवरच्या फोटोकडे पाहिलं. "दोनदा मारली."

अंकुशची कीव वंदनाला तेव्हाही आली नाही, पुढेही कधी आली नाही. पण या बाईच्या घरात ती हाक मारायला लावणारी आपणच, हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्याच्यावर कुठलाही लाल पेन चालणार नव्हता.

अंजनाबाईंनी खुर्चीवरचा फोटो उचलला. मंचाच्या पायऱ्या उंच होत्या, त्यांचा पाय चाचपडला. वंदनानं धावत जाऊन फोटो धरायला हात पुढे केले.

"राहू दे," अंजनाबाई म्हणाल्या. "तुह्या हातात नाही देत मी त्याले."